राज्यमंत्री दर्जाचे भाऊ

तेल्हाऱ्याच्या बाजारात 'भाऊ' अशी हाक मारली तर निम्मा बाजार मागे वळून पाहतो. पण 'भाऊ येऊन राह्यले' असं कोणी म्हटलं, की एकच माणूस येत असतो. आधी पांढरी गाडी दिसते, मग पांढरी चप्पल, पांढरी पँट, पांढरा शर्ट असे हप्त्याहप्त्यानं भाऊ उतरतात. शर्टाच्या खिशात दोन पेनं. एक सहीचं. दुसरं कशाचं ते अजून कोणाला कळलेलं नाही. तेही सहीचंच असावं, कारण भाऊंना सहीपलीकडं काही लिहिताना कोणी पाहिलेलं नाही.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. एक तर हा माणूस एकट्या तेल्हाऱ्याचा नाही. अकोटला आहे, दर्यापूरला आहे, अंजनगाव सुर्जीत आहे. जिथं कापसाची बाजार समिती तिथं भाऊ. मी चारचौघांच्या खोड्या गोळा करून एकाच्या अंगावर चढवल्या आहेत. दुसरं कारण व्यवहाराचं. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. भाऊंच्या वाढदिवसाच्या अर्ध्या पानावर माझ्या घरचा दिवाळीचा फराळ तळला जातो. तेल बंद होईल इतकं खरं लिहू नये, हे धोरण मी भाऊंकडूनच शिकलो.

तालुका कसा आहे ते आधी सांगायला हवं, कारण जमिनीचा उतार बदलला की भाऊंचं भाषण बदलतं. उत्तरेला सातपुडा आणि वारी भैरवगडाजवळ वानचं धरण. त्या अंगाला गोड पाणी, केळी, संत्री, पानमळे, पानपिंपरी. तिथून पूर्णेकडं खाली उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. वरच्या गावात भाऊ गरजतात, "वानचा एक थेंब अकोल्याले जाऊ देनार नाही!" खालच्या गावात म्हणतात, "वानचं पानी तुमच्या नळाले आनल्याबिगर बसनार नाही." आणि अकोल्यात एखाद्या लग्नात कोणी विषय काढला, तर जिलबी तोडत म्हणतात, "शहराले पानी तं लागतेच न बावा." तिन्ही वक्तव्यांच्या बातम्या मीच पाठवल्या. तिन्ही वेगवेगळ्या पानांवर आल्या.

लोकांचा समज असा, की भाऊ पैसा करायला राजकारणात गेले. यात तथ्य नाही. पैसा घरी होताच. माझं म्हणणं वेगळं आहे. वऱ्हाडात कापसाचा धंदा करायचा तर सरकारच्या इतकं जवळ बसावं लागतं, की पुढं पुढं कोण कोणाच्या गादीवर बसलंय तेच कळेनासं होतं. हे आजचंही नाही. इंग्रजांनी १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आणला, देशातला पहिला, आणि १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी वेगळा कायदाच केला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख वजनाचा, बिनकचऱ्याचा माल हवा होता, म्हणून साहेब येऊन आमच्या काट्याशेजारी उभा राहिला. साहेब गेला. काट्याशेजारी उभं राहायची जागा तेवढी शिल्लक राहिली.

१९७२ साली राज्य सरकारनं एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. कापूस विकायचा तो सरकारलाच, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. भाऊंचे वडील तोवर व्यापारी होते, ते एका हंगामात नुसते जिनिंगवाले झाले. कापूस सरकारचा, सरकी सरकारची, रुईच्या गाठी सरकारच्या, यांचं फक्त मशीन आणि भोंगा. सातपुड्यापलीकडं मध्य प्रदेशात बाजार खुला होता. रात्रीच्या ट्रकांच्या गोष्टी गावात अजून चवीनं सांगतात. त्यांत भाऊंच्या वडिलांचं नाव येतं की नाही, हे सांगणारा कोणाच्या ओट्यावर बसलाय त्यावर आहे.

त्या काळात गावातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे ग्रेडर. खरेदी केंद्रावर बंड्यांची रांग लागलेली, माणसं बंडीखाली झोपलेली, बैल कडबा चघळतायत, आणि ग्रेडर यायचा तो जावयासारखा, उशिरा आणि रुसलेला. आल्यावर बंडीत कोपरापर्यंत हात घालायचा. मधला कापूस उपसून काढायचा. दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहायचा, कवडी किती ते बघायचा, ओल आहे का म्हणून मूठ आवळायचा. मग शेतकऱ्याकडं न पाहता एकच शब्द बोलायचा. 'सुपर' म्हणाला तर पोरीचं लग्न यंदा, 'फेअर' म्हणाला तर पुढल्या साली. भाऊ तेव्हा हाफ पँटीत, ग्रेडरसाहेबांची कपबशी धरून उभे. चहा नेमका केव्हा पुढं करायचा, हात बंडीत जायच्या आधी की बाहेर आल्यावर, हे ज्ञान त्यांना मिसरूड फुटायच्या आत झालं. पुढं कितीही मोठ्या सभेत गेले तरी ते एक वाक्य हटकून सांगतात, "कापूस थोच राहते साहेब, मूठ बदलते."

तीसेक वर्षांनी एकाधिकार आटोपला. त्याच सुमारास, २००२ च्या मार्चमध्ये, बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि भाऊंच्या आयुष्याला जी कलाटणी मिळाली ती कुठल्या पक्षानं नव्हे, बोंडअळीनं दिली. भाऊंचं कृषी सेवा केंद्र होतं. बी, खत, फवारणीचं औषध उधार न्यायचं, कापूस घरी आला की हिशेब. उधारीच्या वह्या गाववार: बेलखेडची वेगळी, दानापूरची वेगळी, पंचगव्हाणची वेगळी. कोणाचं देणं किती, कोणाच्या घरी लग्न, कोणाचा भावाशी वाद, कोण दारू पितो आणि कोण पिऊनही वेळेवर पैसे देतो, सगळं समासात लिहिलेलं. निवडणूक आयोगाची मतदार यादी भाऊंनी पुढं पाहिली तेव्हा ते निराश झाले. "याच्यात तं काहीच नाही लिवेल," म्हणाले. "निरे नावं!"

बीटीची साडेचारशे ग्रॅमची थैली तेव्हा सोळाशे रुपयांच्या घरात होती, आणि जे वाण सगळ्यांना हवं ते नेमकं दुकानात नसायचं. नसायचं म्हणजे समोरच्या फळीवर नसायचं. शेतकरी म्हणायचा, "भाऊ, दोन थैल्या तं पायजेच." भाऊ कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "लय कठीन हाय. पाहतो, शब्द टाकतो." दोन दिवसांनी थैल्या मिळायच्या, आणि शेतकरी जन्मभराचा उपकृत. शब्द टाकला कोणाकडं? मागच्या गल्लीत भाऊंचंच गोदाम होतं. जो माणूस स्वतःच्या गोदामाकडं शब्द टाकून आपल्याच गिऱ्हाइकाला उपकृत करू शकतो, त्याला दुकानात बसवून ठेवणं हा त्याच्या गुणांचा अपमान होता.

पुढं २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीची बोंडं आतून पोखरली, आणि बियाणं कंपन्यांविरुद्ध तहसीलवर मोर्चा निघाला. पहिल्या रांगेत भाऊ. एका आगाऊ पोरानं विचारलं, "भाऊ, थैल्या तं तुमीच विकल्या न?"

"म्हनूनच तं!" भाऊ म्हणाले. "माह्यापेक्षा जास्त थैल्या कोनं पाह्यल्या?"

पोरगं गप्प झालं. आता ते भाऊंच्या सोशल मीडियाचं काम बघतं.

राजकारणाची पहिली पायरी अर्थात बाजार समिती. तिथं अठरा संचालक: सेवा सहकारी सोसायट्यांतून अकरा, ग्रामपंचायतींतून चार, व्यापारी-अडते दोन, हमाल-मापारी एक. भाऊ व्यापाऱ्यांच्या जागेवरून निवडून गेले, आणि पहिल्याच सभेत त्यांच्या लक्षात आलं की अठरात दोन म्हणजे चहा मागवण्यापुरती सत्ता. सत्ता अकरांत. मग पुढची पाच वर्षं भाऊंनी शेतकरी होण्यात घालवली. सातबारा होताच, त्यावर नाव ठळक करून घेतलं. गरज नसताना पीककर्ज उचललं आणि मुदतीत फेडलं. सोसायटीच्या सचिवाला हा प्रकार इतका नवा होता, की तो बराच वेळ पावतीबुक शोधत होता. मग डवऱ्यावर हात ठेवून फोटो काढला. त्यात बैलांचं तोंड एकीकडं आणि भाऊंचं दुसरीकडं आहे, पण फोटोत भाऊ हसतायत आणि बैल गंभीर आहेत, त्यामुळं चालून गेलं.

सभापती म्हणून भाऊ वाईट नव्हते, हे मात्र लिहायला हवं. कापूस भिजू नये म्हणून शेड बांधलं, वजनाला इलेक्ट्रॉनिक काटा बसवला, हर्रास दुपारी जेवणानंतर व्हायचा तो सकाळी ठरल्या वेळी सुरू केला. त्यांच्या काळात काटा खरा होता, हे त्यांचे वैरीही मानतात. मापात पाप करणारा व्यापारी मूर्ख, असं भाऊंचं मत. मापाच्या आधी आणि मापाच्या नंतर एवढी जागा असताना मापाला हात लावायचा कशाला?

नगरपालिकेत मात्र आरक्षणानं दगा दिला. २०११ साली राज्यात स्थानिक संस्थांत महिलांना पन्नास टक्के जागा झाल्या, आणि चिठ्ठीत भाऊंचा प्रभाग नेमका महिलांसाठी निघाला. भाऊंनी वहिनींना उभं केलं. पत्रकावर वहिनींचा फोटो पासपोर्टच्या मापाचा, भाऊंचा छातीपर्यंत. वहिनी निवडून आल्या. पहिले दोन महिने भाऊच पालिकेत जाऊन बसायचे, वहिनींच्या नावाची पाटी समोर, मागं भाऊ. तिसऱ्या महिन्यात एका नालीच्या कामाची फाइल सहीसाठी घरी आली, आणि वहिनींनी ती वाचायला घेतली. इतका धक्का भाऊंना कोणत्याही पराभवानं बसला नव्हता.

"ही नाली आपल्या घरापाशी दोन डाव कशी बांधली वो?" वहिनींनी विचारलं.

भाऊ म्हणाले, "एक जायाची, एक याची."

वहिनींनी सही केली नाही. त्या टर्ममध्ये तेल्हाऱ्यात प्रभावी विरोधी पक्ष एकच होता, आणि तो भाऊंच्या स्वयंपाकघरात होता. पुढल्या वेळी प्रभाग खुला झाला, भाऊ स्वतः उभे राहिले आणि पडले. लोकांनी तोंडावर सांगितलं, "वहिनी असत्या तं देल्लं असतं."

पक्षांचं सांगायचं तर भाऊंनी पक्ष कधी बदलला नाही, फ्लेक्स बदललं. जिनिंगच्या फाटकावर एक लोखंडी चौकट कायमची ठोकलेली आहे. भाऊंचा फोटो त्यात बरीच वर्षं एकच आहे, त्यामुळं त्यांचं वय थांबलेलं आहे. बदलतात ती वरच्या पट्टीतली नेत्यांची गोल मुंडकी. अकोल्याचा छपाईवाला फाइल तशीच ठेवतो, फोन गेला की वरची पट्टी बदलून सकाळच्या एसटीनं पाठवतो. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे मुंबईत शपथविधी झाला, तेव्हा दुपारपर्यंत तेल्हाऱ्यात अभिनंदनाचं फ्लेक्स लागलं होतं. २६ तारखेला ते सरकार गेलं. भाऊंनी छपाईवाल्याला फोन करून विचारलं, "अर्ध्या पैशात वापस घेतं का?" त्यानंतर ते सावध झाले. जून २०२२ मध्ये आमदार गुवाहाटीत होते तेवढे दिवस चौकटीत नुसते भाऊ आणि गजानन महाराज होते. जुलै २०२३ मध्ये पुन्हा पट्टी बदलली. अकोला जिल्ह्याच्या राजकारणात निळ्या झेंड्याचा जोर जुना, त्यामुळं एक जागा कोपऱ्यात कायम राखीव असते. त्या पट्टीत कोणी नसेल तेव्हा तिथं 'सर्व मित्रपरिवार' येतो.

तेल्हाऱ्याला रेल्वे नाही. तरी २०२२ च्या नोव्हेंबरात अकोला ते अकोट ब्रॉडगेजवर गाडी सुरू झाली, तेव्हा भाऊंनी तेल्हाऱ्यात आभाराचं फ्लेक्स लावलं. 'भाऊंच्या पाठपुराव्याला यश.' गाडी अकोटला थांबते, पाठपुरावा तेल्हाऱ्यापर्यंत येतो.

विधानसभा त्यांनी एकदाच लढवली, अपक्ष. उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. पुढं २०२४ साली घाटकोपर पूर्वच्या पराग शहांनी ३,३८३ कोटींची मालमत्ता जाहीर केली. ते वाचून भाऊ हळहळले. "इतकं कोनी सांगते का बे?" भाऊंच्या स्वतःच्या शपथपत्रात व्यवसाय 'शेती व समाजसेवा' असा होता. वाहन निरंक. जिनिंग पुतण्याच्या नावे, पंप वहिनींच्या नावे, पांढरी गाडी अशा एका माणसाच्या नावे, जो ती चालवतो. निकाल लागला. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत, म्हणून अनामत जप्त झाली. प्रचारात किती लाख गेले याचा भाऊंनी कधी उच्चार केला नाही, पण ते अनामतीचे दहा हजार त्यांना अजून सलतात. बाकीचे पैसे कसे, हातोहात गेले. हे पावती देऊन गेले.

भाऊंचा प्रचार बघायचा तर वारीच्या हनुमानाला रोडग्यांच्या पंगतीत. गोवऱ्यांचा आर लागलेला, त्यात कणकेचे गोळे भाजतायत, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटतेय, बाजूला वरण. रोडगा पानात पडला की तो मुठीनं फोडायचा आणि तुपाची वाट पाहायची. तूप भाऊ स्वतः वाढतात. हातात पितळी तांब्या, पायात चप्पल नाही, चेहऱ्यावर यजमानाची लीनता. आणि सगळी पंगत मान खाली घालून शेजारच्या पानाकडं तिरप्या नजरेनं बघत असते, कारण कोणाचं वजन किती ते त्या धारेवर कळतं. ज्याच्या मागं दोनशे मतं त्याचा रोडगा तुपात बुडतो. ज्यानं गेल्या वेळी दुसरीकडं जेवण केलं, त्याच्या पानाशी तांब्या येताच धार नेमकी तुटते आणि भाऊ ओरडतात, "अरे, तूप आना रे!" तूप येतं, पण तोवर भाऊ पुढं सरकलेले असतात. मला साधारण मध्यम धार असते. वाढदिवसाच्या आधीच्या पंगतीत थोडी जास्त.

थेट जनतेतून जमत नाही म्हटल्यावर भाऊंचं मन विधान परिषदेकडं वळलं. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती एवढेच मतदार. मोजके, ओळखीचे, नावानिशी. व्यापाऱ्याला याहून सोयीचा बाजार नाही, आणि अकोला-वाशीम-बुलडाण्यात तसा इतिहासही आहे. उद्योजक गोपीकिशन बाजोरिया इथून शिवसेनेतर्फे तीनदा निवडून गेले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना हरवलं ते भाजपच्या वसंत खंडेलवालांनी, तेही अकोल्याच्या सराफा पेढीचे. खंडेलवालांना ४४३, बाजोरियांना ३३४. त्या रात्री भाऊ मला म्हणाले, "पाहा, व्यापाऱ्याले पाडाले बी व्यापारीच लागते."

पण भाऊंचं लक्ष खरं तिसऱ्या आकड्यावर होतं. ८०८ जणांनी मतदान केलं आणि ३१ मतं बाद झाली. या निवडणुकीत आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं उमेदवारासमोर आकड्यात पसंती लिहायची असते: १, २, ३. लोकांनी निवडून दिलेल्या लोकांपैकी ३१ जणांना ते धड जमलं नाही. मला वाटलं भाऊंना वाईट वाटेल. भाऊंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि समाधानानं मान हलवली. "आठशे आठात एकतीस म्हंजे चार टक्क्याच्या आत कवडी. माल चांगला हाय."

त्या मालाची पुढल्या हंगामासाठी तयारी त्यांनी लगेच सुरू केली. नगरसेवकांच्या घरची बारशी, सदस्यांच्या सासऱ्यांची तेरवी, कोणाच्या मुलाला पुण्यात वसतिगृह. आणि मग या बाजाराचं जे झालं ते कोणत्याच बाजाराचं झालं नसेल. ओबीसी आरक्षणाचा खटला कोर्टात अडकला, निवडणुका पुढं गेल्या, नगरपालिकांच्या मुदती संपल्या आणि सगळीकडं प्रशासक बसले. नगरसेवकच नाहीत, म्हणजे मतदारच नाहीत. बारशी झालेली, तेरव्या झालेल्या, पोरं वसतिगृहात जेवतायत, आणि त्यांचे बाप एका दिवसात माजी. "बाजार समितीत असं झालं असतं तं हमाल बी कोर्टात गेले असते," भाऊ म्हणाले.

अखेर वरून दया आली. एका सरकारच्या शेवटच्या दिवसांत भाऊंना एका महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं. राज्यमंत्री दर्जा. महामंडळाचं नाव इतकं लांब की गाडीच्या पाटीवर मावलं नाही, म्हणून पाटीवर 'अध्यक्ष' बारीक आणि 'राज्यमंत्री दर्जा' ठळक. तेल्हाऱ्यात ढोल वाजले, जेसीबीतून गुलाल उधळला गेला, पेढ्यांच्या खोक्यावर भाऊंचा तोच थांबलेला फोटो. संध्याकाळी मी मुलाखतीला गेलो आणि रीतीप्रमाणं विचारलं, महामंडळाच्या कामाची दिशा काय राहील? भाऊंनी खोलीतली माणसं बाहेर काढली, दार लोटलं, आणि हळू आवाजात मला विचारलं, "हे करते काय म्हाइत हाय का तुम्हाले?"

एकच दुःख होतं. १ मे २०१७ पासून गाड्यांवरचे लाल दिवे बंद झाले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पद आलं ते दिवा विझल्यावर. भाऊंनी पूर्वी कधीतरी, हौसेनं, दिवा आणून ठेवला होता. तो आता देवघराच्या वरच्या फळीवर आहे.

या दिवसांत त्यांच्या बोलण्यात ब्रिजलाल बियाणींचं नाव येऊ लागलं. विदर्भकेसरी बियाणी बाळापूर तालुक्यातल्या हातरूणचे, जन्म १८९६. अकोल्यात छापखाना, वर्तमानपत्रं, वऱ्हाड काँग्रेसचं अध्यक्षपद, संविधान सभेचं सदस्यत्व, जुन्या मध्य प्रदेशात अर्थमंत्री. "बियानीजी बी व्यापारी समाजातलेच न?" भाऊ म्हणायचे. मी म्हटलं, भाऊ, ते स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेले होते. भाऊंना हा मुद्दा अवघड वाटला नाही. "आपनबी जाऊन आलो न!" रस्ता खोदून ठेवला म्हणून झालेल्या रास्ता रोकोत पोलिसांनी त्यांना दुपारी बारा वाजता ठाण्यात नेलं होतं आणि चारला सोडलं. मधे जेवण त्यांच्याच घरून आलं. पोलिसांचंही.

सरकार बदललं, नेमणूक रद्द झाली. पाटी गाडीवरून निघाली नाही. 'राज्यमंत्री दर्जा' तसंच, त्यापुढं 'माजी' असं बारीक अक्षरात, ते पाहायला गाडीच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि इतक्या जवळ भाऊंची माणसं जाऊ देत नाहीत.

आता भाऊंचा धाकटा पुण्याहून एमबीए होऊन आला आहे. त्याला राजकारण नको, नुसता धंदा हवा. पारदर्शक. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळानं (सीसीआय) कापूस विक्रीची नोंदणी 'कपास किसान' ॲपवर आणली, तेव्हा तो आनंदानं म्हणाला, "बाबा, आता ना टोकनसाठी ओळख लागणार, ना चिठ्ठी. लांब धाग्याला ८,११० हमीभाव, ओलावा आठ ते बारा टक्के, सगळं फोनवर. मधला माणूस संपला." भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकाशी, निंबाखाली, दोन टेबलं लागली. दोन पोरं, दोन लॅपटॉप, एक माठ. वर पाटी: 'भाऊ शेतकरी मदत केंद्र, कपास किसान नोंदणी मोफत'.

दहा वाजेपर्यंत रांग रस्त्यावर गेली. आधार कार्ड, सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, बँकेचं पासबुक. अडत होतं ते ओटीपीवर, कारण आधारला जोडलेला नंबर कोणाच्या पुण्याच्या पोराचा, कोणाच्या गेलेल्या भावाचा. भाऊ स्वतः फोन लावून देत होते. "काबे, बापाचा ओटीपी सांग लवकर, तीन मिनिटं राह्यले!" धाकटा बाजूला उभा राहून पाहत होता. संध्याकाळी पोरानं यादी काढून आणली: नाव, गाव, एकर, मोबाइल नंबर.

भाऊंनी चष्मा लावला, यादी वरून खाली पाहिली आणि परत केली.

"अशी नोको. गाववार वेगवेगळी काढ. आन बाजूले थोडी कोरी जागा सोड."

"कशाला बाबा?" धाकट्यानं विचारलं.

"लिवाले," भाऊ म्हणाले, आणि खिशातलं दुसरं पेन काढलं.